फ्लेक्सवरची वाकडी मान

२० नोव्हेंबर, मंगळवार

ही वही सरावाची. दीड वर्ष हिच्यात रोज किती पोहलो, किती सायकल मारली, किती धावलो एवढंच लिहिलं. परवा रविवारी कोकणात स्पर्धा झाली आणि मागची पानं कोरी राहिली. कोरी पानं रद्दीत द्यायची आमच्या घरात पद्धत नाही, म्हणून लिहितोय.

ट्रायथलॉन पूर्ण केली. समुद्रात एक पूर्णांक नऊ किलोमीटर पोहणं, मग नव्वद किलोमीटर सायकल, मग एकवीस किलोमीटर धावणं. मुदत साडेआठ तास, मला लागले आठ तास चोवीस मिनिटं. वय त्रेपन्न. दीड वर्षापूर्वी मला पोहता येत नव्हतं, बादलीत तोंड घालायची भीती वाटायची. म्हणजे आनंद व्हायला हवा.

मला किळस आली आहे. उजव्या अंगठ्याचं नख मोज्यात निघून आलं, ते मोज्यासकट फेकलं. काखा सोलवटल्यात. सायकलवर खायला ती चिकट गोड पेस्ट मिळते, तिची स्ट्रॉबेरीची चव दोनदा दात घासूनही जात नाही. पिशवी उघडली तर आत ओली चड्डी, वाळू आणि एक कुजलेलं केळं. सुनीतीने नाकाला पदर लावला आणि म्हणाली, "अहो, हे सगळं आधी गॅलरीत न्या." पदकालाही तोच वास मारतोय. घरात घालायची सोय नाही.

मग तिने विचारलं, "हिंदुरावांना फोन केलात?"

"करतो."

हिंदुरावांबद्दल लिहायला हवं. कात्रजच्या पुढचे, त्यांचं गाव आता महापालिकेत आलंय. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. चार म्हशी उरल्यात आणि रस्त्याकडेला दोन गाळे भाड्याने दिलेत. घाटात माझ्या सायकलची चेन तुटली तेव्हा भेटले, तिथून मैत्री. मला पोहायला त्यांनीच शिकवलं, त्यांच्या मळ्यातल्या विहिरीत. पाठीला पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा ओंडका बांधला आणि म्हणाले, "सर, पान्याला भ्यायचं न्हाई. पान्याला कळतं." गावातली पोरं काठावर बसून हसत होती. पन्नाशी ओलांडलेला मास्तर पाठीला लाकूड बांधून तरंगतोय, हसणारच.

स्पर्धेत दोघांनी नाव घातलं होतं. पोहून बाहेर यायची मुदत एक तास दहा मिनिटं. मी बारा सेकंद राखून बाहेर आलो. हिंदुराव एकतीस सेकंद उशिरा आले. त्यांच्या घोट्याचा वेळ मोजायचा पट्टा काढून घेतला आणि त्यांना तिथेच थांबवलं. नियम म्हणजे नियम. माझ्या कानात रबरी बुचं होती, मला मागचं काही ऐकू आलं नाही.

फोन उद्या करीन.

२१ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी दूध आणायला गेलो आणि चौकात मीच दिसलो. बारा फूट बाय आठ फूट.

"शनिवार पेठेचा लोहपुरुष! प्रा. दिगंबर आगाशे सर यांचे हार्दिक अभिनंदन!" मी प्राध्यापक नाही. कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो, हे पेठेतल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे, कारण निम्मी पेठ माझ्याकडे नापास झालेली आहे. खाली शुभेच्छुकांची चौदा डोकी. त्यातल्या नऊ जणांना मी ओळखत नाही. तिघांनी गॉगल लावलेत.

आणि फोटो! समुद्रातून बाहेर येतानाचा. ओली तोकडी चड्डी, त्यावर सांडलेलं पोट, नाकातून ओठापर्यंत शेंबूड, आणि मान मागे वळलेली, पिळल्यासारखी वाकडी. येणाऱ्याजाणाऱ्या बायाबापड्यांनी हे बघायचं?

हे सगळं श्यामसुंदरचं काम. आमच्या मंडळाचा अध्यक्ष, चौकातच त्याचं झेरॉक्सचं दुकान. स्पर्धेवाल्यांच्या संकेतस्थळावर जाऊन त्याने माझा क्रमांक टाकला आणि सापडेल तो फोटो उचलला. मी म्हटलं, "श्यामराव, हा काढा. सुनीतीने काढलेला शेवटच्या रेषेवरचा फोटो आहे, हात वर केलेला. तो लावा."

"अहो सर, हात वर केलेले निवडणुकीत रोज बघतो आपण! हा ॲक्शन फोटो आहे. समुद्राकडे वळून बघताय, त्याला हरवून आल्यासारखे. लोकांना जाम आवडलाय."

"मला नाही आवडला."

"आपल्याला आपला फोटो कधी आवडतो का? आणि दोन तारखेला सत्कार आहे हां सर. हॉल घेतलाय."

मला विचारायची गरज कुणालाही वाटली नाही.

२४ नोव्हेंबर, शनिवार

आठवडाभर घरात माणसांची रीघ. प्रत्येकजण पेढे आणतो. कात्रजचे, चितळ्यांचे, कुणाच्या कुणाच्या नातवाच्या बारशाचे उरलेले. स्वयंपाकघरात मुंग्या झाल्यात. आता पेढा नुसता पाहिला तरी घशाशी येतं.

खालच्या मजल्यावरचे अनंतकाका आले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, पण जिभेला वय नाही. पदक हातात घेऊन चष्म्यावरून पाहिलं.

"म्हणजे ही अर्धीच ना? पूर्ण याच्या दुप्पट असते म्हणे."

"हो, अर्धी."

"हं. मग पूर्ण झाल्यावर कळवा, तेव्हा नारळ आणतो." दारात जाऊन परत वळले. "आणि त्या फोटोत मागे काय बघताय हो? चप्पल राहिली होती का?"

सुनीती हसली. मीही हसलो. मग संडासात जाऊन उगाच दहा मिनिटं बसलो.

कॉलेजातही तेच. प्राचार्यांनी प्रार्थनेनंतर मला उभं केलं आणि 'जिद्द' या शब्दावर अकरा मिनिटं बोलले. त्यांना जिना चढताना धाप लागते. मी खाली मान घालून उभा. पोरं टाळ्या वाजवत होती, पहिला तास बुडाला म्हणून.

हिंदुरावांना फोन झाला नाही. घरात माणसं असली की नीट बोलता येत नाही.

२७ नोव्हेंबर, मंगळवार

हिंदुरावांचाच फोन आला. आधी विचारलं काय, तर माझं नख.

"सर, नख कसं हाय? हळद भरा, पानी लागू देऊ नका."

"ठीक आहे. तुमच्या पोटरीतला गोळा?"

"तो काय, त्याच दिवशी सांजच्याला उतरला. सर, आमची विहीर सोमवारपास्नं बुजवत्यात. बिल्डरचा मानूस येऊन सांगून गेला. म्हनलं रविवारी सकाळी शेवटचं पवून घेऊ दोघं. या."

विहिरीचं मला माहीत होतं. मळा बिल्डरला देऊन झालाय, भावाभावांत ठरलंय, ते एकटे नाही म्हणू शकत नव्हते. म्हणून तर ते यंदाच्या स्पर्धेसाठी जिवाचं रान करत होते. पुढच्या वर्षी सरावाला विहीर नाही. पोहण्याच्या तलावातल्या निळ्या पाण्याचा त्यांना वास सहन होत नाही, दोनदा जाऊन आले, डोळे सुजवून आले. जे काही करायचं ते याच वर्षी, असं ते दर खेपेला म्हणायचे.

मी म्हटलं, "नखाला पाणी चालणार नाही ना. तुम्हीच म्हणालात आत्ता."

मग "बरं बरं," म्हणाले. त्यांनी विचारलं नाही तरी मी सत्काराचं सांगून टाकलं. का सांगितलं कोण जाणे. म्हणाले, "येतो की. आईला पन आनलं असतं, पन तिचं गुडघं."

फोन ठेवल्यावर सुनीती म्हणाली, "नखाला पाणी चालत नाही? मग सकाळी आंघोळ कुणी केली?"

३० नोव्हेंबर, शुक्रवार

लिहूनच टाकतो. ही वही कोण वाचणार आहे.

समुद्रात दुसऱ्या बोयाजवळ, म्हणजे वळायच्या तरंगत्या खुणेजवळ, माझी फाटली. विहिरीत पाणी हलत नाही, इथे डोंगर येत होते. खारट पाणी नाकातोंडात गेलं, पोहता पोहता ओकलो, त्या ओकारीतच पुन्हा तोंड बुडालं. हात चालेनात. होडीवाला लांब दुसऱ्या कुणाला तरी धरून होता. हिंदुराव माझ्या बरेच पुढे गेले होते. त्यांनी कसं पाहिलं देव जाणे. उलटे फिरले, आले आणि म्हणाले, "माझा खांदा धरा, डोळे मिटा."

होडी धरून विसावा घ्यायला नियमात परवानगी आहे. पण त्यांनी मला ओढलं. दोनशे मीटर असेल, तीनशे असेल. हे नियमात बसत नाही, कळलं असतं तर दोघंही बाद. नंतर मी सुटा पोहलो, ते माझ्या शेजारी, माझ्या वेगाने. एरवी ते पन्नास मिनिटांत बाहेर आले असते, निवांत कणीस खात बसले असते.

वाळू पायाला लागली तेव्हा काठावरच्या मोठ्या घड्याळात सव्वा मिनिट शिल्लक होतं. गुडघाभर पाण्यात त्यांच्या पोटरीत गोळा आला आणि ते बसले. मी चालत राहिलो. कानात बुचं होती.

म्हणजे हे पदक दोन कारणांनी माझं नाही. एक कारण नियमाचं आहे, ते सांगता येईल. रविवारी सत्कारात सांगून टाकणार आहे. सुनीतीलाही अजून बोललो नाही. एकदा सांगितलं की ही मळमळ जाईल असं वाटतं.

२ डिसेंबर, रविवार

सत्कार झाला. आत्ता लगेच लिहितोय, शाल अजून खुर्चीवर पडलीय. डांबराच्या गोळ्यांचा वास येतोय, म्हणजे कुणाच्या तरी सत्कारातलीच शाल पुढे सरकवलीय. नारळ हलवून पाहिला, आत पाणी नाही.

पावणेतीनशे खुर्च्या, माणसं शंभरेक, त्यातली साठ बटाटेवड्यासाठी. हिंदुराव तिसऱ्या रांगेत कडेला बसले होते. पांढरा सदरा, इस्त्रीचा. पिशवीत पेढ्यांचा खोका. माझ्याकडे बघून हात वर केला.

श्यामसुंदरने माझी तुलना कुणाकुणाशी केली ते लिहायची लाज वाटते. मग मला माईक दिला. घरून पाठ करून गेलो होतो तसं बोललो. म्हटलं, "मंडळी, हा सत्कार मला घेता येत नाही. तिसऱ्या रांगेत हिंदुराव बसलेत, उभे राहा हिंदुराव. यांनी मला समुद्रातून ओढून आणलं. ते नियमात बसत नाही. म्हणून माझी स्पर्धा खरं तर बाद आहे. त्यांच्या पायात गोळा आला, ते मागे राहिले. माझ्या कानात बुचं होती, मला काहीच ऐकू आलं नाही, नाहीतर मी थांबलो असतो."

मला वाटलं, झालं, सुटलो.

आणि टाळ्या! उभं राहून टाळ्या. पहिल्या रांगेतल्या एक बाई डोळे पुसत होत्या. श्यामसुंदरने माईक ओढून घेतला. "बघा! याला म्हणतात विनय! एवढं मोठं यश मिळवून श्रेय दुसऱ्याला! हा पेठेचा संस्कार आहे!" पुन्हा टाळ्या. हिंदुरावांनाही वर ओढून आणलं आणि गळ्यात हार घातला, जो आधी माझ्या गळ्यात होता. झेंडू चुरगळलेला, माझ्या घामाने भिजलेला.

हिंदुरावांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. हार काढून हातात धरला. खाली आल्यावर सुनीतीच्या हातात पेढ्यांचा खोका दिला आणि म्हणाले, "वैनी, निघतो. म्हशी हायेत." माझ्याकडे त्यांनी पाहिलंच नाही.

सगळं सांगितलं. आता आणखी काय हवंय त्यांना? इतका राग आला मला त्यांचा, तो हार हातात धरून चाललेल्या पाठीचा.

रिक्षात सुनीती म्हणाली, "एवढं सगळं बोललात, मग ते बुचांचं कशाला मध्येच?"

"म्हणजे?"

"मी काठावर होते. तुमची बुचं माझ्या पर्समध्ये होती. पाण्यात जायच्या आधी तुम्हीच काढून दिलीत, टोचतात म्हणून."

मी तिला म्हटलं, एक जोड होता दुसरा. ती बाहेर तोंड करून बसली.

४ डिसेंबर, मंगळवार

स्पर्धेवाल्यांना काल ईमेल टाकली होती, मला बाद करा म्हणून. आज उत्तर आलं. अभिप्रायाबद्दल आभार मानलेत आणि पुढच्या वर्षीच्या नोंदणीत सवलत दिलीय.

कॉलेजला रजा टाकून कात्रजच्या पुढे गेलो. मळ्यात दोन डंपर उभे होते, विहिरीत मुरूम ओतत होते. निम्म्याच्या वर भरली होती. पायऱ्यांपैकी वरच्या चारच दिसत होत्या. त्या पायऱ्यांवर बसून मी पहिल्यांदा पाण्यात पाय सोडले होते, तेव्हा आत सापाचं पिल्लू होतं आणि मी घरी पळालो होतो.

हिंदुराव बाजेवर बसले होते. "या सर," म्हणाले. सरुबाई, त्यांच्या आई, गुडघे धरत उठल्या आणि चहाला गेल्या.

मग मी म्हटलं, "हिंदुराव, परवा मी एक खोटं बोललो. मला ऐकू आलं होतं. तुम्ही 'सर, हात द्या' म्हणालात. ऐकू आलं मला."

"म्हाईत हाय."

"बुचं नव्हतीच कानात."

"सर, बुचाचं काय घेऊन बसलाय?" त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "तुमी मागं वळून बघितलं. मी हात असा पुढं केला व्हता. तुमी बघितलं, घड्याळाकडं बघितलं, अन् गेला. बारा फुटाचा फोटो लागलाय तुमच्या चौकात, त्यात मागंच बघताय की तुमी! सत्काराला येताना त्याच्याखाली उभा ऱ्हायलो मी. साऱ्या पेठंनं बघितलंय. अन् वर मानसांपुढं मला उभं करून सांगता, ऐकू आलं न्हाई?"

वळून पाहिल्याचं मी या वहीतही लिहिलं नव्हतं. 'मी चालत राहिलो' असं लिहिलंय. मागची पानं आत्ता उलटून पाहिली, तसंच आहे.

"हात दिला असता तर दोघंही मुदत चुकलो असतो," मी म्हटलं. हे मी खरंच म्हटलं, आजही.

"असतो की," ते म्हणाले. "दोघं चुकलो असतो. मंग दोघं मिळून कनीस खाल्लं असतं. मला काय पदकाची पडली व्हती? तुमच्यासाठी मागं फिरलो तवाच माझी गेली व्हती ती, मला म्हाईत व्हतं."

सरुबाई चहा घेऊन आल्या. मला चहावरच्या सायीची किळस येते, दीड वर्ष त्या मला त्यावरून चिडवत आल्यात, मास्तरला म्हशीचं दूध सोसत न्हाई म्हणून. आज न सांगता माझा कप गाळून, साय काढून आणला होता. "घ्या सर. नख बरं हाय का आता?"

दोन घोट घेतले. कप बाजेखाली ठेवला.

निघताना हिंदुराव रस्त्यापर्यंत आले. म्हणाले, "राग न्हाई सर. येत ऱ्हावा, चहाला या, सायकल मारू. पन पान्यात तुमच्या संगं न्हाई आता." आणि मागे विहिरीकडे बघून म्हणाले, "तसंही पानी कुठं ऱ्हायलंय."

५ डिसेंबर, बुधवार

दूध आणायला गेलो तेव्हा फ्लेक्ससमोर थांबलो. पंधरा दिवस मान खाली घालून जात होतो, आज नीट पाहिला. शेंबूड, पोट, चड्डी, सगळं तसंच. एका कोपऱ्यावर कावळा घाण करून गेलाय.

चेहरा पाहिला. मला वाटत होतं भेदरलेला असेन, दमलेला असेन. तसं काही नाही. फळ्यावर समीकरण लिहून झालं की मी जसा वर्गाकडे बघतो, तसाच बघतोय. मला सगळं समजलेलं आहे. फोटोत हिंदुराव नाहीत, श्यामसुंदरने कापलेत. पण खालच्या कडेला, माझ्या पायाशी, पाण्यातून पुढे आलेली बोटं राहून गेलीत. तीन बोटं. मला ती इतके दिवस फेस वाटत होती.

श्यामसुंदर दुकान उघडत होता. मला पाहून लगबगीने आला.

"सर, आज काढतो बरं का! तुम्ही इतक्यांदा म्हणालात. उद्यापासून एका वाढदिवसाचा लागतोय तिथे."

"कधीपर्यंत ठेवता येईल हा?"

"म्हणजे? काढू नको?"

"राहू दे," मी म्हटलं. "वाढदिवस दुसरीकडे लावा."

तो खूश होऊन हसला. शेवटी आवडलाच ना फोटो, म्हणाला.